गोळ्या नेतात, पण घेत नाहीत : एका सीएचओ ताईंच्या प्रश्नाला उत्तर

ताई, तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे मला तो नीट कळलाय की नाही ते तुम्हाला दिसेल. वर्षभरापूर्वी तुम्ही मराठवाड्यातल्या ऊसतोडीच्या पट्ट्यात एका उपकेंद्रावर समुदाय आरोग्य अधिकारी (सीएचओ) म्हणून रुजू झालात. तिशीच्या पुढच्या सगळ्यांची तपासणी केलीत, बीपीचे बरेच रुग्ण सापडले, गोळ्या सुरू झाल्या. दोन-तीन महिन्यांत निम्म्याहून जास्त लोक यायचे बंद झाले. जे येतात त्यांच्यातल्या काहींच्या घरीही आशाताईंना न फोडलेल्या पट्ट्या फळीवर तशाच दिसल्या. तुम्ही लिहिलंय, "शंभरदा समजावलं. हो हो म्हणतात आणि आपलंच खरं करतात. नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला मानसशास्त्र होतं, समाजशास्त्र होतं, त्यातलं इथे काहीच कामाला येत नाही. लोक अडाणी आहेत की मी कमी पडतेय? वर्तन बदलायला नेमकं कुठलं तत्त्व वापरायचं?"

मी डॉक्टर नाही. मानसशास्त्रात एम.ए. केलं आणि त्यानंतरची सव्वीस वर्षं आरोग्याच्या प्रकल्पांत गेली, बहुतेक सगळी आशाताई आणि सिस्टर लोकांना शिकवण्यात आणि त्यांच्याकडून शिकण्यात. कोणती गोळी, किती, बदलायची का, हे तुमच्या एमओंचं, म्हणजे वैद्यकीय अधिकाऱ्यांचं, काम, त्यात मी तोंड घालणार नाही. तुमचं गाव मी पाहिलेलं नाही. त्यामुळे खाली लिहिलेल्यातलं काही तुमच्याकडे लागू पडेल, काही साफ फसेल.

तुमच्या प्रश्नात मला अडकायला झालं ते "लोक" या शब्दापाशी. रजिस्टरमध्ये सगळे गैरहजर सारखेच दिसतात, एक रिकामी चौकट. पण एकजण येत नाही कारण त्याचं डोकं दुखायचं थांबलं. दुसरीचे पाय सुजले आणि तिने कुणाला न सांगता गोळी बंद केली. तिसरा टोळीबरोबर साखर कारखान्यावर गेलाय. चौथीला उपकेंद्रात यायचं तर सासूला काहीतरी कारण सांगावं लागतं. या चौघांना एकाच तत्त्वाने हलवायचं म्हणजे घरातल्या सगळ्या कुलपांना एकच किल्ली लावून बघण्यासारखं आहे. "नेमकं कुठलं तत्त्व" याचं उत्तर म्हणूनच मी देत नाही. कुठून सुरुवात करायची, ते मात्र सांगू शकते.

आपण सुरुवात कायम डोक्यापासून करतो. माहिती नाही, समज नाही, म्हणून समजावून सांगू. याचं कारण सरळ आहे: समजावण्याला आपल्याला पैसे पडत नाहीत. औषधाचा साठा वाढवायचा तर वर पत्र लिहावं लागतं, उपकेंद्राची वेळ बदलायची तर आपलीच झोपमोड होते, समजावणं मात्र खुर्चीत बसल्या जागी होतं. आणि समजावूनही बदल झाला नाही, की दोष समोरच्याच्या स्वभावावर टाकायची सोय आयतीच असते.

या सवयीला मानसशास्त्रात नाव आहे. दुसऱ्याच्या वागण्याचं कारण त्याच्या स्वभावात शोधायचं आणि परिस्थितीचं वजन कमी धरायचं, याला ली रॉस या मानसशास्त्रज्ञाने १९७७ मध्ये "मूलभूत आरोपण-दोष" असं म्हटलं. तुमच्या पुस्तकात हे असेलच. पुस्तकात बहुधा नसेल ते पुढचं. जोन मिलर या संशोधिकेने शिकागोमधल्या आणि म्हैसूरमधल्या लोकांना त्यांच्या ओळखीतल्या कुणाचं तरी चांगलं आणि वाईट वागणं आठवायला सांगून विचारलं, तो असं का वागला असेल? १९८४ मध्ये तिने निष्कर्ष छापले. अमेरिकन प्रौढांनी जास्त करून स्वभाव सांगितला. म्हैसूरच्या हिंदू प्रौढांनी जास्त करून परिस्थिती, नातं, वेळप्रसंग सांगितला. लहान मुलांमध्ये दोन्हीकडे फारसा फरक नव्हता, तो वयाबरोबर वाढत गेला. म्हणजे हा "मूलभूत" दोष सगळ्या जगात सारखा मूलभूत नव्हताच.

मला यातलं आवडतं ते हे, की आपल्याकडच्या आज्या हे न शिकता करतात. कुणी उधारी बुडवली तर "वेळच तशी आली बिचाऱ्यावर" असं म्हणणारी बाई प्रत्येक गल्लीत असते. तुम्ही-आम्हीही घरी तशाच बोलतो. पण टेबलाच्या पलीकडे खुर्ची मिळाली, पुढ्यात रजिस्टर आलं, की आपली भाषा बदलते: "ऐकतच नाहीत", "सिरीयसली घेत नाहीत". म्हणून अडाणी कोण, या तुमच्या प्रश्नाला माझं उत्तर, कुणीच नाही. पण खुर्चीवर बसून विचारलेला प्रश्न आहे तो.

मी आत-बाहेर उलटा क्रम लावते. आधी परिस्थिती, मग आजूबाजूची माणसं, सगळ्यात शेवटी डोकं.

परिस्थितीबद्दल जरा जास्त लिहिते, कारण तुमच्या भागात खरी गाठ तिथेच असणार. दसरा-दिवाळीच्या आसपास टोळ्या निघतात आणि पट्टा पडेपर्यंत, म्हणजे कारखान्याचा हंगाम संपेपर्यंत, मार्च-एप्रिलपर्यंत, परत येत नाहीत. मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घेतलेली असते, नवरा-बायको मिळून एक कोयता, म्हणजे एक जोडी, धरलेला असतो, एक दिवस चुकला तर खाडा, म्हणजे दंड, लागतो. पहाटे अंधारात तोडणी सुरू, रात्री-अपरात्री गाडी भरायला उठायचं. आता अशा माणसाला आपण तीस दिवसांच्या गोळ्या देतो आणि पुढच्या महिन्यात याच उपकेंद्रात या म्हणतो. तो कारखान्याच्या तळावर, तुमच्यापासून दोनशे-तीनशे किलोमीटरवर. तिथल्या दवाखान्यात जायचं तर खाडा. त्याचं कार्ड तुमच्याकडे. सांगा, यात समजावण्यासारखं काय उरलं?

एक गोष्ट सांगते, यात चूक माझीच होती. पंधराएक वर्षांपूर्वी एका तळावर मी कोप्यांमधून, म्हणजे तोडकऱ्यांच्या झोपड्यांमधून, फिरत होते. चाळिशीतली एक बाई, बीपी चांगलाच वाढलेला, गावातून आणलेल्या गोळ्या जवळ होत्या आणि ती घेत नव्हती. मी अर्धा तास तिला मेंदूतला रक्तस्राव समजावला. ती मान हलवत राहिली. मी निघताना तिच्या जावेने हळूच सांगितलं, "ताई, त्या गोळीनं सारखं लघवीला लागतं. फडात आडोसा कुठंय? पुरुष माणसं असतात चहूकडं." ती गोळी लघवीचं प्रमाण वाढवणारी होती. बीपीच्या औषधांत अशा गोळ्या असतातच. बाई औषध टाळत नव्हती, गड्यांच्या देखत दिवसातून पाचदा उसाच्या सरीआड जाणं टाळत होती. पाणीही कमी पीत होती त्याच कारणाने. तिथल्या डॉक्टरांशी बोलून यातून मार्ग निघाला. पण मी अर्ध्या तासात तिला एकदाही विचारलं नव्हतं, की गोळी घेतल्यावर तुझा दिवस कसा जातो.

पाय सुजण्याचंही तसंच. बीपीच्या एका नेहमीच्या गोळीने काहींच्या पायांवर सूज येते. तुम्हाला ते माहीत आहे, एमओंनाही माहीत आहे. पेशंटला कुणी आधी सांगितलेलं नसतं. त्याला वाटतं गोळी बाधली, आणि तो गोळीबरोबर आपल्यालाही सोडतो.

परिस्थिती बदलली तर किती फरक पडतो, याचं मला पटलेलं उदाहरण लसीकरणाचं आहे. राजस्थानात उदयपूर जिल्ह्यातल्या १३४ गावांत सेवा मंदिर या संस्थेबरोबर झालेला अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. जिथे काहीच वेगळं केलं नाही तिथे ६ टक्के मुलांचं लसीकरण पूर्ण झालं. जिथे ठरल्या दिवशी न चुकता शिबिर भरलं तिथे १८ टक्के. जिथे शिबिराबरोबर दर लशीला एक किलो डाळ आणि सगळ्या लशी पूर्ण झाल्यावर थाळ्यांचा संच दिला तिथे ३९ टक्के. गावकऱ्यांची समज सुरुवातीला या तिन्ही ठिकाणी वेगळी होती असं मानायला काही जागा नाही. डाळीच्या आकड्याकडेच सगळे बघतात. मी ६ आणि १८ कडे बघते. सिस्टर ठरल्या दिवशी नक्की असणार, अशा भरवशाच्या शिबिरांनी आकडा तिप्पट झाला. तुमचं उपकेंद्र मीटिंगच्या दिवशी बंद असतं का? एखादा माणूस मजुरी बुडवून येऊन कुलूप बघून गेला, तर पुढच्या वेळी त्याच्या न येण्याला मी समजुतीचा अभाव म्हणणार नाही.

आता आजूबाजूची माणसं. इथे मला कुर्ट लेविनची आठवण काढावी लागेल. जर्मनीत शिकलेला, नाझींमुळे अमेरिकेत गेलेला हा मानसशास्त्रज्ञ. वर्तन हे व्यक्ती आणि तिचा परिसर या दोघांवर मिळून ठरतं, हे सूत्र त्याने १९३६ मध्ये मांडलं. तुम्ही ते पाठ केलं असेल. ते सूत्र कामाला लागलं ते दुसऱ्या महायुद्धात. मांसाचा तुटवडा होता आणि सरकारला हवं होतं, की घरोघरी हृदय, गुर्दा यांसारखे भाग खाल्ले जावेत. आपल्याकडे मटण खाणाऱ्यांना यात नवल वाटणार नाही, पण तिथल्या मध्यमवर्गीय बायका नाकं मुरडायच्या. लेविनने काही गटांना व्याख्यान दिलं, जीवनसत्त्वांपासून देशप्रेमापर्यंत सगळं सांगितलं. काही गटांना आपसांत बोलायला लावलं: आपल्यासारख्या बायकांना हे करताना काय अडचण येईल? आणि शेवटी, कोण करून बघणार, हात वर करा. व्याख्यान ऐकलेल्यांपैकी ३ टक्क्यांनी यातला एखादा पदार्थ केला, चर्चा केलेल्यांपैकी ३२ टक्क्यांनी. हा आकडा जसाच्या तसा धरू नका, कारण चर्चेतल्या बायकांना पुन्हा कुणीतरी विचारायला येणार हेही ठाऊक होतं. पण माझ्या कामात हीच गोष्ट वेगवेगळ्या रूपांत पुन्हा पुन्हा दिसली आहे: चारचौघींत स्वतःच्या तोंडाने बोललेलं बाई पाळते, सिस्टरने सांगितलेलं ऐकून सोडून देते.

लेविनचा दुसरा मुद्दा त्याहून उपयोगी. ताटात काय येणार हे खाणारा ठरवत नाही, ते ज्या वाटेने येतं त्या वाटेवर बसलेला राखणदार ठरवतो. तुम्ही आबांना सांगता, मीठ कमी खा. आबांनी आयुष्यात कधी आमटीत मीठ टाकलंय? टाकते सून. ती तुमच्याकडे येतच नाही. आली तरी सासऱ्याच्या ताटात अळणी आमटी वाढायची तिची हिंमत नाही, कारण पहिल्या घासाला ताट सरकवलं जाणार. मग बोलायचं कुणाशी? माझ्या अनुभवात सासूशी. सासूने "आजपासून आपल्या घरात असंच" असं म्हटलं, की सुनेची सुटका होते. तुमच्या गावात हे सासूऐवजी थोरल्या जावेकडे असेल, नोकरी करणाऱ्या मुलाकडे असेल. घरटी वेगळं असतं, विचारूनच कळतं.

इथवर अजून पेशंटच्या डोक्यात शिरलोच नाही. आता शिरू.

बीपीचा सगळ्यात मोठा घोटाळा हा, की तो जाणवत नाही. हॉवर्ड लेव्हेन्थल हा मानसशास्त्रज्ञ आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९८५ मध्ये अमेरिकेतल्या बीपीच्या रुग्णांवरचा अभ्यास छापला. बीपी वाढलेला माणसाला कळत नाही, हे बहुतेकांना मान्य होतं. आणि तरी त्यांच्यातल्या पुष्कळांची खात्री होती, की मला स्वतःला मात्र कळतं: डोकं जड होतं, चेहरा गरम होतो. गोळी या लक्षणांवर उतारा म्हणून घेतली जायची. लक्षण गेलं, गोळी गेली. शिकलेल्या अमेरिकनांचं हे, तर आपल्या आबांना नावं ठेवण्यात काही अर्थ नाही.

आपल्याकडे यात आणखी भर असते. एका काकांनी मला शांतपणे सांगितलं होतं, "बीपी टेन्शननं होतो, तुमीच म्हनला. लेकीचं लगीन झालं, टेन्शन संपलं. आता कशाला गोळी?" यात कुठे अडाणीपणा आहे? आम्हीच दिलेल्या माहितीवरून काढलेला बिनचूक निष्कर्ष आहे. "गोळी गरम पडते", "एकदा लागली की जन्माची लागते, सवय होते", हीदेखील अशीच उभी-आडवी जुळवलेली समज असते. ती समज आधी बाहेर आल्याशिवाय तिच्यावर आपली माहिती ओतणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी.

ती बाहेर काढायला आर्थर क्लाइनमन या मानसोपचारतज्ज्ञाचे, तो मानववंशशास्त्रज्ञही आहे, १९७० च्या दशकातले काही प्रश्न मी वापरते. माझ्या भाषेत ते असे होतात: तुम्ही या दुखण्याला काय म्हणता? कशानं झालं असं वाटतं? तवाच का सुरू झालं? यानं अंगात काय होतं? सगळ्यात जास्त भ्या कशाचं वाटतं? गोळीनं काय व्हावं? विचारा आणि गप्प बसा. दुरुस्त करू नका. पहिल्या भेटीत तर अजिबात नाही. हे गप्प बसणं मला सगळ्यात अवघड गेलं, अजून जातं.

भीती घालण्याबद्दल एक शब्द. मी सुरुवातीची काही वर्षं लकव्याची चित्रं घेऊन फिरले. लोक हळहळायचे आणि पुढच्या वेळी माझ्या समोरून यायचं टाळायचे. हाच लेव्हेन्थल, वीस वर्षं आधी, १९६५ मध्ये, येल विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांना धनुर्वाताची लस घ्यायला लावू पाहत होता. काहींना घाबरवणारी पत्रकं, काहींना सौम्य. घाबरलेल्यांनी लस महत्त्वाची आहे हे जास्त जोरात सांगितलं. पण नुसत्या पत्रकावर, भीती असो वा नसो, लस घेतली ३ टक्क्यांनी. ज्यांना पत्रकाबरोबर दवाखान्यावर खूण केलेला नकाशा दिला आणि आठवड्यातल्या कोणत्या वेळी जाल ते ठरवायला लावलं, त्यांच्यात हा आकडा २८ झाला. गंमत म्हणजे ती शेवटच्या वर्षाची मुलं होती, दवाखाना कुठे आहे हे त्यांना पाठ होतं. नकाशाने माहिती दिलीच नाही, फक्त "जायला पाहिजे" याला एक वार आणि एक वेळ चिकटवली. आपल्याकडे हे काम चहा करतो. पट्टी चहापत्तीच्या डब्याला रबराने बांधून ठेवायला सांगा. साखर संपली तरी चहा होतो, बिनदुधाचा होतो, पण होतो.

"हो हो" बद्दल. "गोळ्या घेता ना?" या प्रश्नाला "हो" याशिवाय दुसरं सभ्य उत्तर आपल्या भाषेत नाहीच. तुम्ही पगारदार, शिकलेल्या, वयाने लहान असलात तरी "मॅडम". समोरचा खोटं बोलत नसतो, तुमचा मान राखत असतो. मी विचारते, "गेल्या आठ दिवसांत किती दिवस राहिली? बऱ्याच जणांची राहते." आणि जमलं तर उंबऱ्यावर बसून, खुर्चीवरून नाही. उत्तर आलं "तीन दिवस", तर रागावू नका. तुम्हाला मिळालेली ती पहिली खरी माहिती आहे.

आणि पहिल्या वर्षाची पुस्तकं फेकू नका, पण काळ्या दगडावरची रेघही समजू नका. २०१५ मध्ये मानसशास्त्रातले १०० अभ्यास पुन्हा करून पाहिले, तर साधारण ३६ टक्क्यांतच मूळ निष्कर्ष ठामपणे परत आला. त्याआधी, २०१० मध्ये जोसेफ हेन्रिक हा संशोधक आणि त्याच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिलं होतं, की बहुतेक प्रयोग पाश्चात्त्य, सुशिक्षित, सधन समाजातल्या लोकांवर, त्यातही विद्यार्थ्यांवर झालेत आणि ते सगळ्या माणसांना लागू धरले गेलेत. आधी पोटाची गरज, मग वरच्या गरजा, अशा पायऱ्या सांगणारा मास्लोचा पिरॅमिड तर मास्लोने १९४३ च्या मूळ लेखात काढलेलाही नाही, तो नंतर इतरांनी काढला. आणि त्या पायऱ्या खऱ्या मानल्या तर उधार-उसनवार करून, एकवेळ उपाशी राहून वारीला निघणाऱ्या म्हातारीचं काय करायचं? तिच्या पायऱ्या वेगळ्या लागल्यात. समाजशास्त्राने तुम्हाला तिच्याकडे बघायला शिकवायला हवं होतं, पण परीक्षेत व्याख्या विचारतात.

एक अपवाद नोंदवते. गोळीच काय, जेवणही सोडलेला, घराबाहेर न पडणारा, "जगून काय करू" म्हणणारा कुणी असेल तर वरचं काहीही वापरत बसू नका. ते नैराश्य असू शकतं. एमओंना सांगा आणि टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी फोन-सेवेचा १४४१६ हा नंबर त्या घरात लावून द्या. दारूचाही प्रश्न वेगळा आहे, त्यावर कधीतरी स्वतंत्र लिहीन.

आता करायचं काय, तर पुढच्या पंधरा दिवसांत फक्त दहा घरं घ्या. दहाच. आशाताईंना बरोबर घ्या, कारण घरातला राखणदार कोण हे त्यांना आधीच माहीत असतं. काही समजावू नका. प्रत्येक घरापुढे एका ओळीत लिहा: गोळी का राहिली, त्यांच्या शब्दांत. मग ती दहा कारणं बाहेरची, माणसांची आणि डोक्यातली अशी वाटून बघा. माझा अंदाज, सहा-सात तरी बाहेरची निघतील. चुकला तर मला कळवा, मला आवडेल.

त्यात तोडीला जाणारे असतील तर दसऱ्याच्या आधीच एमओंना गाठा आणि दोन गोष्टी मागा: निघताना दोन-तीन महिन्यांच्या गोळ्या एकदम देता येतात का, आणि औषधाचं नाव-मात्रा लिहिलेली चिठ्ठी, जी तळाजवळच्या दवाखान्यात दाखवता येईल. औषध माणसाच्या जवळ नेणं हे काही माझं खूळ नाही. २०१७ मध्ये महाराष्ट्रासह पाच राज्यांत सुरू झालेल्या भारतीय उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रमात साठा अखंड ठेवणं आणि उपचार सुटसुटीत करणं यावर मोठा भर होता. एमओ कदाचित म्हणतील, साठा नाही. तेव्हा तुमच्या त्या दहा ओळी पुढे ठेवा. आणि चिठ्ठी प्लास्टिकच्या पिशवीत घालून द्या, कोपीत पहाटेच्या दवाने सगळं ओलं होतं.